कन्हार मातीची खरी चमक

इंदू हरदास खड्ड्यात उतरल्या की वर उभी असलेली माणसं आपोआप गप्प होत. सरकारी माती-सर्वेक्षणात एकतीस वर्षं त्यांची नोकरी हीच होती. शेतात पुरुषभर खोल खड्डा खणायचा, आत उतरायचं आणि भिंतीत दिसणारे मातीचे थर वाचायचे. ओल्या मातीचा गोळा अंगठ्यानं दाबत त्या पट्टी काढत आणि पट्टी किती लांब टिकते यावरून चिकणमातीचं प्रमाण सांगत. प्रयोगशाळेचा अहवाल महिनाभरानं येई आणि मुकाट्यानं इंदूताईंशी सहमत होई.

पुरानी बस्तीतल्या शेजारणी विचारत, "इंदू, सरकारी नोकरी अन् नखात माती काहून वो?"

"टेबलावर माती चालत येत नाही ना बाई, मलेच जावं लागते," असं म्हणून त्या हसत.

एकच गोष्ट डाचत असे. त्यांचे हात मातीनं भरलेले, म्हणून लिहायचं काम वरच्या माणसाचं. कागद स्वच्छ राहिला पाहिजे, हा पहिल्या साहेबांचा दंडक. इंदूताई खालून सांगत, साहेब वर उभ्या उभ्या थरांचा तक्ता लिहीत आणि 'वर्णन करणारा' या रकान्यात लिहिणाऱ्याचं नाव जाई. दीड-दोनशे तक्ते झाले, पण इंदूताईंचं नाव एकावरही नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं.

डिसेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. शेवटचा खड्डा अभनपुरजवळच्या एका शेतात होता. धान निघून तिथं हरभरा उभा होता. जीपमध्ये त्यांचे अधिकारी निरंजन, मूळचे यवतमाळचे, म्हणाले, "इंदूताई, हा तक्ता नव्या पोट्ट्यांना शिकवायले भिंतीवर लागणार आहे. यावेळी नाव तुमचंच टाकतो." इंदूताई खिडकीबाहेर बघत राहिल्या, कारण डोळे भरून आले होते.

खड्डा जेसीबीनं खणून ठेवलेला होता. निरंजन वरूनच डोकावले आणि खूश झाले. "वा! काय चमकून राहिलं! फूटभर खालपासूनच!"

कन्हार म्हणजे इकडची काळी, चिकण माती. पावसात ती फुगते, उन्हात आकसते आणि आतली ढेकळं एकमेकांवर घासून गुळगुळीत, चमकदार होतात. ही चमक किती खोलीपासून लागते, ते तक्त्यात लिहावं लागतं. निरंजननी लिहिलंसुद्धा: तीस सेंटिमीटरपासून.

इंदूताईंनी खड्ड्यात उतरून भिंतीवर हात ठेवला आणि चूक त्यांच्या लक्षात आली. बोललं तर साहेब दुखावणार; फक्त गप्प बसलं की झालं. मग त्यांचं नाव कार्यालयाच्या भिंतीवर लागलं असतं, चुकीच्या तक्त्यावर.

"सर, खोडा ते."

"काहून?"

"ही चमक मातीची नाही. मशीनची आहे."

शेतकरी आणि जीपचा ड्रायव्हर शेजारीच उभे होते. निरंजनचा चेहरा पडला. "मी पण शिकूनच आलो ना, ताई."

"हव सर. पण वरून पाहून राहिले तुम्ही. खाली या."

निरंजन बुटांसकट उतरले. इंदूताईंनी त्यांच्या हातात सुरी दिली. "कापायचं नाही. टोकानं उचकटायचं." ओल्या भिंतीवर जेसीबीच्या लोखंडी दात्यांनी सारवलेली गुळगुळीत साल गळून पडली आणि आत चौकोनी, मळकट ढेकळं निघाली. चमक कुठेच नव्हती. धानासाठी चिखल करून करून दडपलेला थर लागला. हरभऱ्याचं मूळ तिथवर येऊन आडवं वळलं होतं. दोघं उचकटत उचकटत खाली गेले. पाऊण मीटरवर एक ढेकूळ तिरपं सुटलं. त्याच्या अंगावर चमक होती आणि त्या चमकेत एकाच दिशेला गेलेले, ढेकळं घासल्याचे बारीक ओरखडे.

"बोट फिरवा," इंदूताई म्हणाल्या.

निरंजननी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग स्वतःवरच हसले. "मशीननं चांगलंच बनवलं मले."

"मले पण बनवलं होतं कुदळीनं. पहिल्या वर्षी."

शेतकऱ्यानं वरून तक्ता अडकवलेली पाटी खाली दिली. निरंजननी ती इंदूताईंपुढे धरली. "लिहा."

"हात भरले आहेत सर. कागद खराब होईल."

"होऊ द्या. ज्यानं वाचलं त्यानं लिहावं."

इंदूताईंनी तीस खोडून पंच्याहत्तर लिहिलं. बाकीचे थरही स्वतःच्या अक्षरात उतरवले. शेवटी रकान्यात नाव घातलं: इंदू हरदास. नावाशेजारी अंगठ्याची काळी माती उमटली. सवयीनं त्या ओढणीच्या टोकानं पुसायला गेल्या आणि थांबल्या. छाती अभिमानानं भरून आली होती, आणि ते लपवावं असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

तो तक्ता आता शंकर नगरच्या त्यांच्या कार्यालयात भिंतीवर आहे, डागासकट.