कुलूप काहून लावलं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांचा पेपर होता आणि मला तो अजिबात आवडत नव्हता. राष्ट्रं अशी वागतात, राष्ट्रं तशी वागतात. अरे, पण राष्ट्र म्हणजे काय शेजारीण आहे, रोज दिसायला? मी भिवापूरची, मिरचीच्या गावची. वास्तववाद आणि उदारमतवाद यांची माझ्या डोक्यात नुसती खिचडी झाली होती. तो गुंता सोडवून द्यायची माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो आणि शहरात, जरीपटका भागात, एका घराच्या वरच्या खोलीत राहायचो. भाजी मी करायची, सिद्धांत तिनं सांगायचे, असं ठरून गेलेलं.

दिवाळीनंतर बाबा मला सोडायला आले. माझ्या कपाटात मार्कशीटा उघड्यावर पडलेल्या पाहून चिडले आणि बाजारातून कुलूप घेऊन आले. मी ते लावलं. आईनं दिलेला तिखटाचा डबा आतच होता, आणि तो आम्ही दोघी वापरायचो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून उशिरा परतले तर तिनंच वांग्याची भाजी केली होती, एकदम फिक्की. मी ती तशीच खाऊन अभ्यासाला बसले. दोन दिवसांनी तिच्या कपाटालाही कुलूप.

मला असा राग आला! म्हणजे मी काय चोर? मी तेलाची बाटली आत टाकली. तिनं आपल्या नोट्स मला द्यायचं बंद केलं. मी वेगळी बादली आणली, तिनं वेगळी शेगडी. महिनाभरात एका खोलीत दोन स्वयंपाक व्हायला लागले. खालच्या घरमालकीणबाईंनी मला सांगितलं की ती होस्टेलचा अर्ज घेऊन आली आहे. जाऊ दे, मेली, असं मी म्हटलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

अशात सरांनी मला सेमिनारला विषय दिला, सुरक्षेचा पेच. नोट्स नव्हत्या, तेव्हा झक मारत स्वतःच वाचलं. एक राष्ट्र आपल्या रक्षणासाठी शस्त्र घेतं. शेजाऱ्याला वाटतं, आपल्यासाठीच घेतलं, म्हणून तोही घेतो. शेवटी दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरतात. वाचता वाचता माझी नजर कपाटावर गेली आणि मला माझीच लाज वाटली.

सेमिनारच्या दिवशी पाठ केलेली पुस्तकी मराठी तोंडातून निघेचना. मग मी दोन पोरींची आणि दोन कुलपांची गोष्ट सांगितली, आपल्या बोलीत. ‘मले वाटलं’ म्हटल्यावर मागचे हसले. ती दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. सरांनी विचारलं, मग आधी कुलूप कोणी काढायचं? राष्ट्रांच्या वर सांगणारं कोणी नसतं, यालाच तर अराजक म्हणतात. आमच्याही वर फक्त पाण्याची टाकी होती. मी कागद गोळा केले आणि तास संपताच निघाले.

तिच्या आधी खोलीवर पोचले. कुलूप काढलं आणि तिखटाचा डबा ओट्यावर ठेवला. ती आली, डब्याकडे पाहत उभी राहिली.

“कुलूप काहून लावलं होतं वं?”

“बाबांनी आणलं म्हणून. तुह्यासाठी नव्हतं.”

तिनं पर्समधून किल्ली काढली आणि आपलं कपाट उघडलं. कपडे तर तिचे पहिल्यापासून दोरीवरच असायचे, नोट्स ती रोज बॅगेत घेऊन फिरत होती. कपाटात काहीच नव्हतं. खालच्या फळीवर तेवढा होस्टेलचा अर्ज होता, पूर्ण भरलेला, सही केलेला.

“हा दिला काहून नाही?” मी विचारलं.

“तू कुलूप काढशीन, असं वाटून राहिलं होतं मले,” ती म्हणाली, आणि वांगी चिरायला बसली.