आहेरात गेलेला बाळकृष्ण

आईचा बाळकृष्ण पितळेचा आणि रांगता आहे. घरात सर्वांत लहान तोच मानला जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलरचे तोंड देवघराकडे असते आणि वडील घाम पुसत पेपर वाचतात.

त्याला एकटे ठेवून गावाला जायचे नाही, हा आईचा नियम. त्यामुळे चुलत बहिणीच्या लग्नाला करकंबला तोही निघाला. धक्के बसू नयेत म्हणून आईने त्याला कोऱ्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवले. मानपानाचे टॉवेल आणि टोप्या वडिलांनी त्याच पिशवीत भरल्या होत्या.

अक्षता पडल्या. नैवेद्यासाठी आईने पिशवी उघडली, तर ती रिकामी.

"अहो, बाळ कुठाय?"

"कुणाचं बाळ?" वडील म्हणाले आणि थांबले. "तरीच! नवरदेवाच्या आजोबांना दिलेला टॉवेल जड लागला."

"जड लागला आणि दिलात?"

"मला वाटलं, सूत चांगलं आहे."

मुलीकडच्यांनी दिलेला आहेर परत मागणे म्हणजे मुलाकडच्यांचा अपमान. नवरीची आई, म्हणजे माझी काकू, रडकुंडीला आली. "जाऊबाई, देव दुसरा मिळंल. माझ्या पोरीची पाठवणी व्हायचीय अजून."

आई ऐकून घेऊन थेट जानवसघरात गेली. तिथे नवरदेवाच्या आजीने बाळकृष्णाला ताटात बसवून हळदकुंकू वाहिले होते. पुढे भाकरी आणि शेंगाचटणी.

"आपल्या पायानं आला बगा," आजी म्हणाली. "आता म्या न्हाय सोडायची."

"मागायला नाही आले," आई म्हणाली. "सवयी तेवढ्या सांगते."

आणि तिने सांगितल्या. पहाटे अंघोळ, पाणी कोमटच. लोणी घरचे, विकतचे ओळखतो. दुपारी पाळणा म्हणायचा, मध्येच थांबले तर पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात कूलर. वीज गेली तर पंख्याने वारा. तिखट तर अजिबात नाही. इथे तिने चटणीकडे पाहिले.

"आन् ह्ये सगळं कुणी करायचं?"

"घरातल्या मोठ्या बाईनं."

आजीने कोपऱ्यात घोरणाऱ्या आजोबांकडे पाहिले. "लई लाडावलाय की ह्यो. हितं एका म्हाताऱ्याचंच उरकंना मला."

आहेर परत केला असे दिसू नये म्हणून तिने आईची ओटी भरली. ओटीत खण, नारळ आणि नारळाला टेकून बाळकृष्ण. काकूने डोळे पुसले आणि पाठवणी वेळेवर झाली.

परतीच्या जीपमध्ये आईने त्याला तळहातावर तोलले. "वाळलाय हो."

"पितळेचा आहे तो," वडील म्हणाले. आई त्याच्या तोंडाची चटणी पुसत होती.

आता वडील मानाचा प्रत्येक टॉवेल देण्याआधी हातात तोलून, दाबून बघतात. पाहुणे एकमेकांना सांगतात, सोलापूरचा माणूस आहे, सूत पारखतोय.