उजवीकडे सरकणारे डबे

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात लक्ष ठेवायची पाळी माझी असली, की मी नववीतल्या मुलींच्या रिंगणापाशी हमखास रेंगाळते. आमची शाळा शहरातली. कुणाच्या घरी तमिळ बोलतात, कुणाच्या भोजपुरी, कुणाच्या वऱ्हाडी. या मुलींचा नियम मात्र एकच. डबा उघडायचा आणि उजवीकडे सरकवायचा. आपला डबा आपण खायचा नाही. हा नियम कुणी केला ते त्यांनाही आठवत नाही. आम्ही तर नक्कीच शिकवला नव्हता.

परवा नसरीनचा रोजा होता, तरी तिच्यापुढे डबा होताच. मी म्हटलं, "अगं, आज तुला खायचं नाही ना? मग डबा कशाला आणलास?"

माझी साधी बेरीज चुकल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. "बाई, माझा डबा मी कधी खाते? तो तर कविताचा असतो." आणि तिनं तो उजवीकडे सरकवला.

डावीकडून सेल्वीचा लिंबूभात तिच्यापुढे आला. तिनं झाकण घट्ट लावून तो दप्तरात ठेवला. "हा संध्याकाळी. रोजा सोडताना."

म्हणजे स्वतःचा रोजा असताना तिच्या अम्मीनं सकाळी पराठे लाटले होते, ते कवितासाठी!

स्टाफरूममध्ये आम्ही सहाजणी एकाच टेबलाभोवती बसतो आणि वर्षानुवर्षं आपापला डबा खातो. त्या दिवशी मी माझा उघडला आणि उजवीकडे सरकवला.