परक्याच्या पिशवीतला कांदा

भिमाजीला बातमी कळली ती फ्लेक्सवरून. भाजीचा टेम्पो मखमलाबाद नाक्यावर अडकला होता आणि समोर, कोणा भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सशेजारी, पुंजाराम हसत होता. तोच तुरेवाला फेटा, तीच कोरलेली मिशी. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली दशक्रियेचा वार आणि रामकुंड.

“वळखीचे होते का, भाऊ?” टेम्पोवाल्या नाथाने विचारलं.

“नाय बा. बाजारात खेळ करायचा तो. बघितलाय एक-दोनदा,” भिमाजी म्हणाला.

जिभेला सवय होती म्हणून तिने आपलं काम चोख केलं. मग टेम्पो हलला, फ्लेक्स मागे गेला. आपला एकुलता एक मित्र गेला, आणि त्याला अग्नी देऊन चार दिवस झाल्यावर ते आपल्याला रस्त्यावर कळतं, हे काही बरं नाही. पण कळवणार कोण? या दोघांची ओळख आहे हे नाशिक जिल्ह्यात तिसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं.

आता ही काय भानगड ते सांगतो. नावं मी बदललेली आहेत, तेव्हा कोणी शोधत बसू नये.

प्रोफेसर पुंजाराम म्हणजे जुना जादूगार. कॉलेजचं तोंड न बघता प्रोफेसर झालेला. नांदगाव, घोटी, वणी, सटाणा, जिथे आठवड्याचा बाजार तिथे याचा खेळ. त्याचा गाजलेला खेळ कांद्याचा. गर्दीतल्या कोणाची तरी अंगठी मागून घ्यायची, मुठीत धरून फुंकर मारायची, की अंगठी गायब. अंगठीवाला कासावीस. मग पुंजाराम म्हणायचा, “मंडळी, बाजाराला आलात, कोणाच्या पिशवीत एखादा कांदा आहे का?” गर्दीतला एखादा शेतकरी कुरकुरत पिशवी पुढे करायचा. “ओ जादूगार, कापू नका हो, बायको घरी मोजून घेती.” लोक हसायचे. पुंजाराम त्याच्या पिशवीतला कांदा उचलून सगळ्यांसमोर मधोमध कापायचा, आणि आत अंगठी.

तो कुरकुरणारा शेतकरी दर वेळी भिमाजीच असायचा. कधी टोपी, कधी मुंडासं, कधी बोडक्या डोक्याने.

अंगठी कांद्यात जायची कशी, हे मात्र विचारू नका. भिमाजीने जन्मात तोंड उघडलं नाही, तर मी कोण लागून गेलो?

दोघांची गाठ पडली तीही अशाच एका बाजारात. तेव्हा भिमाजी ऐन पंचविशीत, खरोखरच परका, खरोखरच बाजाराला आलेला. पुंजारामचा हात कुठे चुकला ते त्याने स्पष्ट पाहिलं आणि गप्प राहिला. खेळ उठल्यावर पुंजारामने त्याला रसवंतीच्या मागे गाठलं.

“तू बघितलंस.”

“बघितलं.”

“मग वरडला का नाही?”

“वरडून काय करू? एवढ्या लोकांची गंमत गेली असती.”

 आजवर पुंजारामला कसं केलं हे विचारणारे शेकड्याने भेटले होते. न विचारणारा हा पहिलाच. तिथेच सोबत ठरली आणि तिथेच अटही ठरली, की चारचौघांत एकमेकांना ओळख द्यायची नाही. घरीसुद्धा बोलायचं नाही, कारण पुंजारामच्या बायकोच्या, पुतळाबाईच्या, पोटात तीळ भिजत नसे. भिमाजीची गोजराबाई तर काय, सगळ्या मळ्याचं आकाशवाणी केंद्र. नवरा भाजी घेऊन लांबलांबचे बाजार करतो, एवढंच तिला माहीत.

पण पिशवी पुढे करणं हे भिमाजीचं अर्धंच काम. खरं काम खेळ संपल्यावर सुरू व्हायचं.

जादूचा खेळ बघून माणूस घरी जात नाही. तो जादूगाराभोवती घोटाळतो. सांगा ना, फक्त मला सांगा, आईशप्पथ कोणाला सांगणार नाही. मास्तर विचारायचे, हवालदार विचारायचे, देवळाली कॅम्पात तर सुभेदाराची बायको चहाचा कप हातात देऊन विचारायची. पुंजाराम हात जोडून हसायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण नुसत्या हसण्याने लोक चिडतात. उत्तर न मिळालेला माणूस पाठ सोडत नाही. एकजण तर वणीपासून थेट पंचवटीतल्या घरापर्यंत आला होता.

म्हणून अशा वेळी भिमाजी गर्दीतूनच, जरा मोठ्याने, चुकीचं उत्तर देऊन टाकायचा. “अहो, बाहीत रबर हाय त्याच्या. मी बघितलं.” मास्तर असेल तर म्हणायचा, नजरबंदी आहे, पुस्तकात दिलंय. म्हाताऱ्या बायका असतील तर म्हणायचा, गुरूचा हात आहे डोक्यावर. ज्याच्या मनात जे अर्धवट असेल तेच त्याच्या पदरात टाकायचं. मग समोरचा मान हलवून म्हणायचा, “मला वाटलंच.” आणि समाधानाने घरी जायचा. ‘मला वाटलंच’ ऐकू आलं की पुंजाराम पेटी बंद करायचा.

परतीच्या एसटीत एक पुढे बसायचा, एक मागे. पंचवटीच्या भाजीबाजारात समोरासमोर आले तरी ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. बोलायची जागा एकच, मनमाड स्टेशन. तिथे ज्याला त्याला आपल्या गाडीची पडलेली, दोन माणसं बाकावर बसून काय बोलतात याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. महिन्याकाठी एखादी दुपार ते तिथे काढायचे. पुंजाराम त्याला भिमा म्हणायचा, भिमाजी त्याला पुंजाभाऊ. भिमा म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

गोजराबाई गेली तेव्हा रामकुंडावर तिच्या दहाव्याला पुंजाराम आला होता. लांब, वर चहाच्या टपरीपाशी उभा. जवळ आला नाही. पण भिमाजीने डोकं वर केलं की दर वेळी तो दिसायचा, आणि त्या दिवशी भिमाजीला तेवढ्यावर निभावता आलं.

पुढे मोबाइल आले. लोक जादूगाराला विचारायचं सोडून मोबाइलला विचारायला लागले. बाजारातले खेळ बंद पडले, लपवण्यासारखं काही उरलं नाही, तरी लपवायची सवय राहिली. मनमाडला एकदा पुंजारामने आपला फोन दाखवला. भिमाजीचा नंबर त्याने ‘कांदेवाला’ या नावाने ठेवला होता. दोघं ठसका लागेपर्यंत हसले. आता त्याच फोनमधून पुंजारामच्या मुलाने सगळ्यांना बातमी कळवली असणार. पण बाप गेल्यावर कांदेवाल्याला फोन कोण करतो?

दहाव्याच्या दिवशी भिमाजीने धुवट धोतर नेसलं, टोपी घातली आणि पिशवीत एक कांदा टाकला. गेलेल्याच्या आवडीची वस्तू पिंडाजवळ ठेवतात. कांदा ठेवायला गेलं की कोणीतरी विचारणारच, कांदा कशाला? मग तो सांगणार होता. त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. खेळ संपला, खेळवाला गेला, आता कोणासाठी झाकून ठेवायचं? आपण त्याचे कोण होतो हे निदान त्याच्या घरच्यांना कळावं. एकदा कोणीतरी आपला हात धरून बसवून घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

रामकुंडावर पुंजारामचा पिंड मांडून झाला होता. कावळे देवळाच्या शिखरावर बसून होते. तिथले कावळे खाऊनपिऊन सुखी, रोज सकाळी त्यांना पंगत मांडलेली, घाई कसली. तरी शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला पटकन शिवले. पुंजारामकडे मात्र कोणी बघेना.

मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेकाने पुढे होऊन मोठ्याने शब्द द्यायला सुरुवात केली. मुंडण केलेला ललित, पुंजारामचा मुलगा, हात जोडून म्हणाला, “बाबा, आईला मी इंदिरानगरला माझ्याकडे नेईन.” कावळा ढिम्म. “पिंकीला डॉक्टर करीन.” पिंकी म्हणजे त्याची मुलगी. कावळ्याने मान वळवली. “तुमच्या जादूच्या पेट्या विकणार नाही.” तरी नाही. ललितच्या मामांनी पिंडाजवळ भजी ठेवली, कोणी तंबाखूची पुडी ठेवली. पुतळाबाई कोरड्या डोळ्यांनी बसून होती. “आता आणखी काय राहिलं असंल हो त्यांचं?” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

ललित मागे सरला आणि नेमका भिमाजीच्या शेजारी येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचं लक्ष गेलं.

“काका, तुम्ही कुठले?”

“मखमलाबादचा,” भिमाजी म्हणाला. पिशवीतल्या कांद्यावर त्याचा हात होता.

“बाबांचे खेळ बघितलेत?”

“लय.”

“कांद्याचा?”

“त्यो तर जवळून बघितलाय.”

ललितचा चेहरा बदलला. “मी जादू शिकलो नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला लाज वाटायची. शाळेत मला कबुतर म्हणायचे. लहानपणी मी सगळ्या पेट्या उघडून बघितल्या, सगळीकडे चोरकप्पे. मला वाटलं, आपला बाप सगळ्या जगाला फसवतो. फक्त कांद्याचं कळलं नाही. कारण पिशवी परक्याची असायची ना. आमच्या घरचा, ओळखीचा कोणी असता तर मी म्हटलं असतं, आतून ठरलेलं आहे. पण दर वेळी कोणीतरी परका शेतकरी. तेवढ्या एका खेळासाठी मी त्यांना मानलं. दवाखान्यात शेवटी हात जोडून विचारलं, बाबा, कांद्याचं तेवढं सांगा. नुसते हसले.”

मग तो खरोखरच हात जोडून भिमाजीकडे वळला. “तुम्ही जवळून बघितलंय. कसं करायचे हो? त्या माणसाला आधीपासून ओळखायचे का?”

उत्तर भिमाजीच्या ओठांवर आलं होतं. त्या उत्तरासाठीच तो आला होता. सांगितलं असतं तर ललितने त्याला काका म्हणून मिठी मारली असती, पुतळाबाईने पाटावर बसवलं असतं, पिंकीला पाया पडायला लावलं असतं. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, एकटा असताना, ललितने आपल्या बापाच्या शेवटच्या पेटीचाही चोरकप्पा उघडला असता.

पुंजाभाऊ दवाखान्यात नुसता का हसला, ते भिमाजीला तेव्हा कळलं. त्याने हात पिशवीतून बाहेर काढला.

“वळखत कशाला असतील?” तो म्हणाला. “मी बघितलं ना. परकाच मानूस होता त्यो. पिशवी त्याची, कांदा त्याचा. बाकीचं काय असंल ते असू द्या, पर कांदा खरा होता.”

ललितने डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं, ते त्याने पुसलंही नाही.

तिकडे गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा शिवत नसेल तर गवताचा शिवून कार्य उरकायचं, ही त्यांची रीत. भिमाजीने हात जोडले. इतरांसारखा तो पुढे झाला नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत. ‘पुंजाभाऊ, नाय सांगत कोनाला,’ मनात म्हणाला. ‘जा आता.’

शिखरावरचा एक कावळा उतरला, भजी सोडली, तंबाखू सोडली, थेट पिंडाला चोच मारली.

आता यात काय खरं आणि काय योगायोग, हे मला विचाराल तर मी हात जोडून हसेन. पण घाटावर एकच गलका झाला. पुतळाबाईने इतका वेळ धरलेला हुंदका सोडला. गुरुजींनी अर्धा झालेला दर्भाचा कावळा बाजूला ठेवला. आणि ललित गोंधळून सगळ्यांना विचारत सुटला, “आत्ता तर कोणीच काही बोललं नाही. मग आला कसा? मामा, तुम्ही काही बोललात? गुरुजी, असं कसं झालं?”

भिमाजीने तो चेहरा ओळखला. आयुष्यभर बाजाराबाजारांत त्याने तो बघितला होता. उत्तर मिळालं नाही तर हा माणूस जन्मभर याच घाटावर घोटाळत राहणार. त्याने गर्दीतूनच, जरा मोठ्याने, सांगून टाकलं.

“अहो, तुमच्या डोळ्याला पानी आलं ना, तवाच उतरला तो. मी बघितलं.”

“मला वाटलंच,” मामा म्हणाले. “बापच तो. पोराचं रडणं बघवलं नसंल.” चार माणसांनी माना हलवल्या. ललित मटकन पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा मोकळा होऊन रडला. पिंकी येऊन त्याला चिकटली.

“ते टोपीवाले पाहुणे कोण?” पुतळाबाईने कोणाला तरी विचारलं.

“असतील कोणी. खेळ बघायचे म्हणे.”

भिमाजी तोवर पायऱ्या चढून वर गेला होता. वर चहाच्या टपरीपाशी तो घटकाभर उभा राहिला. इथून सगळं दिसतं खरं, पण खालून वर बघणारं आज कोणी नव्हतं.

घरी येऊन त्याने भाकरी काढून घेतली. मुलगी संध्या सिन्नरला दिलेली; तिचा फोन रविवारी यायचा, आणि रविवार लांब होता. पिशवीतला कांदा काढून त्याने पाटावर ठेवला, मधोमध कापला. आत अंगठी नव्हती, असायचं काही कारणही नव्हतं. तरी त्याने दोन्ही फोडी उलटसुलट करून बघितल्या. मग मीठ लावून भाकरीबरोबर खायला घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. कांदा लय तिखट हाय, एवढं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. विचारायला घरात कोणी नव्हतं.