बाबांचा पंखा प्रोसेसरला

मंडळी, फोनची लाइन मोकळी आहे तोवर नेट जोडून लिहून टाकते. आज डोकंच फिरलं.

पलूसच्या या उन्हात आमचा कम्प्युटर रोज ऐन गेममध्ये तापून बंद पडतोय. म्हणून सकाळी सांगलीहून मेकॅनिक बोलावला. त्यानं आतल्या प्रोसेसरजवळ बोट नेलं आणि चटकन मागं घेतलं.

"ताई, गेममुळं लय तापतोय ह्यो. गेम बंद करा. पोरीस्नी टायपिंगपुरता बास हाय की!"

मी तोंड उघडणार, तोच बाबा उठले. ते सैन्यात ट्रक चालवायचे.

"घाटात इंजिन तापलं तर आमी बोनेट उघडायचो रं. गाडी सोडून चालत न्हाई जायचो!"

त्यांनी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि स्वतःचा टेबलफॅन थेट आत रोखला.

"काका, धूळ जाईल की आत!" मेकॅनिक म्हणाला.

"पुसू की मग!"

आमच्याकडं व्होल्टेज एवढं कमी, की दुसरा पंखा लावला तर कम्प्युटरच बंद होतो. त्यामुळं दुपारी दोन तास मी खेळले, प्रोसेसर गार राहिला आणि बाबा शेजारी घामानं निथळत बसले. टॉवेलनं वारा घेत मधूनच विचारत होते, "पुढची लेव्हल आली का गं?"

आली, बाबा!

आता कुणाला वाटतंय मी गेम बंद करावा? त्यानं आधी बाबांना येऊन सांगावं.