अकरा झऱ्यांची वही

सत्यशीला ओव्हाळ माझी विद्यार्थिनी. शिक्षकदिनाला फुलं आणून देणाऱ्यांतली नव्हे. दुसऱ्याच आठवड्यात भर वर्गात हात वर करून "बाई, नकाशात चूक आहे" म्हणाली ती ही. चूक होती. पुस्तकातल्या नकाशात मुठा नदीच्या प्रवाहाचा बाण उलटा छापला होता आणि मी तेरा वर्षं तोच बाण फळ्यावर काढत होते. तासभर राग आला. घरी पोचेपर्यंत मुलगी आवडायला लागली होती.

घर विश्रांतवाडीला. वडील सुखदेव खडकीच्या कारखान्यात, आई हिरा घरी शिवणकाम करायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी आजोबांचा फोटो. आजोबा महाडच्या तळ्यावर गेलेल्यांपैकी. त्या घरात पाण्याविषयी कुणी फार बोलत नसे, पण पाहुण्याला पाणी देताना हिराबाई पेला दोन्ही हातांनी पुढे करायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

सत्यशीला भूगोलात पहिली आली, मग नियोजनाचं शिक्षण घेऊन एका सरकारी कार्यालयात लागली. शहराच्या कडेच्या टेकड्या राखून ठेवायच्या, तिथे बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा आराखडा तेव्हा घाटत होता. नकाशावर टेकडीला हिरवा रंग द्यायला कुणीही देतं. त्या रंगाच्या आत कोणती झाडं आहेत, गुरं कुठून चढतात, पाणी कुठे निघतं आणि हे सगळं टिकवायचं कसं, ते लिहून काढणं तिच्याकडे होतं. हुद्द्याचं नाव दीड ओळीचं, टेबल मात्र दाराच्या मागे.

तिच्या वाट्याला आली घोडेपाठ. हिंजवडीच्या अलीकडे चिंचखोरी नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावरची लांबट टेकडी. दोन हजार एकचा मे महिना. खाली काचेच्या इमारती उठत होत्या, कंपन्यांच्या बसगाड्या रस्ता अडवून उभ्या असायच्या, आणि ही बाई पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून, कॅनव्हासचे बूट चढवून, खिशात शेंगदाणे-गूळ घेऊन वर चढायची. मे महिनाच का, तर तिचा एक नियम होता. पावसाळ्यात कुठूनही पाणी निघतं. मे महिन्यात जिथलं पाणी स्वतः प्यायले, तोच झरा वहीत लिहायचा. तिच्या कार्यालयात हा नियम दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाकीचे जुना नकाशा बघून नवा करायचे, पंख्याखाली.

झरे दाखवले गेनबाने. गेनबा चिंचखोरीचा मेंढपाळ, तेव्हा साठीचा. पहिले चार दिवस त्याने तिला नुसतं फिरवलं.

"झरं कुठं हायेत म्हनं? ह्यो खडक हाय, ताई. बघा की."

पाचव्या दिवशी तिने आपली भाकरी त्याच्यासमोर सोडली, त्याने आपली. मग तो उठला, करवंदीच्या जाळीत शिरला, ॲल्युमिनियमच्या वाटीत पाणी घेऊन आला. आधी स्वतः प्यायला, मग तीच वाटी न विसळता तिच्या हातात दिली. हे सत्यशीलेने मला दोनदा सांगितलं. एरवी कोणतीही गोष्ट ती दोनदा सांगत नसे.

गेनबाची अट होती. "कागदावर ल्ह्या, पर कागद भाईर जाता कामा न्हाय. पानी हाय म्हनून कळलं की मशीन येतंय." तिने शब्द दिला. आराखडा मंजुरीसाठी वर जाणार होता. मंजुरी आली की झरे कायद्याने सुरक्षित. तोवर यादी तिच्याकडून बाहेर जाणार नाही, असं तिने त्याला सांगितलं. कार्यालयात रीतसर एक प्रत द्यावी लागली. तीही तिने पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वरून सही करून दिली. तिचे साहेब रंगराव. त्यांनी ती यादी दोनदा बघायला मागितली, तेव्हा "मंजुरीनंतर" म्हणाली. साहेबाला असं म्हणायचं नसतं. ती म्हणाली.

यात मी कुठे येते, तर अकरा झऱ्यांची पहिली वही तिने मला तपासायला दिली. झऱ्याचं गावातलं नाव, होकायंत्राने लांबच्या दोन शिखरांचा कोन घेऊन काढलेली जागा, शेजारचं झाड, पाण्याची चव. हो, चवही लिहिली होती. "सातवा: किंचित लोखंडी." मी शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी शाबासकी लिहिली. वही परत द्यायला लागले तर म्हणाली, "तुमच्याकडेच राहू द्या, बाई. ऑफिसच्या कपाटाची किल्ली चौघांकडे आहे. तुमच्या कपाटाची तुमच्याकडे."

दोन आठवड्यांनी तिचा फोन. "बाई, नववा झरा चुकलाय."

"चुकला म्हणजे? झरा चालत गेला का?"

"त्या दिवशी गेनबा शेजारी बसले होते, मांडीवर कुऱ्हाड घेऊन. होकायंत्राची सुई कुऱ्हाडीकडे ओढली गेली. जागा दीडशे पावलं पश्चिमेला पडली, पार उघड्या कातळावर. काल परत जाऊन मोजलं. ऑफिसच्या प्रतीत दुरुस्त करूनच पाकीट चिकटवलंय. तुमच्या वहीत तेवढं खोडून ठेवाल?"

होकायंत्राजवळ लोखंड आणू नये, हे तिला मीच शिकवलं होतं. वही तपासताना कातळावर झरा कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही याचा राग मी तिच्यावर काढला. "अगं हो, करते," म्हणून फोन ठेवला. केलं नाही. उद्या करू म्हटलं आणि गेलं राहून.

पुढची दोन वर्षं मंजुरी आली नाही. फाइल वर होती. वर म्हणजे कुठे ते कुणी सांगत नसे. सत्यशीला मात्र दर मे महिन्यात घोडेपाठ चढून अकरा ठिकाणचं पाणी पिऊन यायची आणि मला पोस्टकार्ड टाकायची: "अकराही आहेत." बाकी मजकूर नाही.

दोन हजार तीनच्या दिवाळीत माझी भाची नम्रता आली. भावाची मुलगी, नुकतीच आर्किटेक्ट झालेली, एका मोठ्या ऑफिसात लागलेली. बोलता बोलता म्हणाली, "आत्या, जुन्या पिढीला साइटवर जायची सवय नाही ना, सगळं टेबलवरच." मला झोंबलं. मी उठले, कपाट उघडलं आणि वही तिच्यापुढे टाकली. "हे बघ माझ्या विद्यार्थिनीचं काम. तुमच्या ऑफिसात कुणी उन्हात जातं का?"

तिने पानं उलटली. "वॉव. हे किती ऑथेंटिक आहे, आत्या. दोन दिवस नेऊ? फक्त बघायला."

मी म्हटलं, "ने. शीक काहीतरी."

इतकंच. कुणी फसवून काढून घेतली नाही. मीच, मिरवायला. तिसऱ्या दिवशी वही आणि बाकरवडीचा पुडा दोन्ही घरी आले.

दोन हजार चारच्या मे महिन्यात पोस्टकार्ड आलं नाही.

काय झालं ते मला पुढे कळलं. गेनबाने गावातल्या फोनवरून सत्यशीलेला कार्यालयात गाठलं होतं. "ताई, वर या. आन् तुमचा कागद बी घेऊन या." ती गेली. टेकडीच्या पायथ्याशी आयटीवाल्यांसाठी मोठी वसाहत उठत होती. तिथे नळाचं पाणी पोचलं नव्हतं, म्हणून उतारावर बोअर मारले होते. जमीन खाजगी, आराखडा अजून मंजूर नाही, बेकायदा काहीच नाही. गेनबाने नेलं त्या त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला एकेक निळा पाइप जमिनीतून डोकं काढून उभा, आणि खाली झऱ्याच्या जागी ओली माती. काही ठिकाणी तीही नाही.

"धा मशीनं बराबर झऱ्यावर," गेनबा म्हणाला. "मानसं आली, कागद बघितला, भोक पाडलं. कुनाला इचारलं न्हाय." त्या दिवशी त्याने वाटीही काढली नाही.

सत्यशीला तिथून थेट कार्यालयात गेली आणि रंगरावांविरुद्ध लेखी तक्रार दिली. यादी मागणारे तेच, पाकीट त्यांच्याच कपाटात. रंगराव आळशी होते, चहाला तासभर लावायचे, पण हे त्यांनी केलं नव्हतं. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. चौकशी लागली. पाकीट मागवलं, तर चिकटवलेलं जसंच्या तसं, तिच्या सहीसकट.

रंगराव तिला एवढंच म्हणाले, "मॅडम, मी उघडलं असतं तर परत चिकटवायचा कंटाळा केला असता."

तेव्हा ती पुन्हा टेकडीवर गेली आणि पाइप मोजले. अकरा होते. दहा झऱ्यांवर. अकरावा झऱ्यापासून दीडशे पावलं पश्चिमेला, उघड्या कातळावर. तिथे पाणी शोधायला कुणी शहाणा माणूस जाणार नाही. त्या बोअरला पाणी लागलंही नव्हतं. खरा नववा झरा तेवढा वाहत होता.

ती माझ्याकडे आली ती दुपारी. बूट दारात काढले, त्यांना टेकडीची लाल माती होती. पाणी विचारलं तर नको म्हणाली.

"बाई, वही द्या."

मी दिली. तिने नववं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. खोडलेलं नव्हतं.

"ही चूक जगात एकाच ठिकाणी आहे," ती म्हणाली. "कुणाला दिलीत?"

मी सबबी सांगत नाही, तेव्हाही सांगितली नाही. नम्रताचं नाव सांगितलं आणि कशासाठी दिली तेही. तिने ऐकून घेतलं. तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी रंगरावांचं नाव लिहून दिलं," ती म्हणाली. "तुमचं मनातसुद्धा आलं नाही. चौकशीत विचारलं, आणखी कुणाकडे प्रत आहे का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले असं वाटलंच नाही मला. तुमच्याकडे असणं म्हणजे माझ्याकडे असणं, असं धरून चालले होते."

मी तिच्यासमोरच नम्रताला फोन लावला. नम्रता म्हणाली, "आत्या, ती वसाहत आमच्याच ऑफिसकडे आहे, मी फक्त लँडस्केपच्या टीमला झेरॉक्स दिली. आणि शेवटी ती पब्लिक इन्फर्मेशनच ना? इतकं काय पर्सनली घेतेस?" त्यानंतर आम्ही दोघी लग्नाकार्यात भेटतो. बोलतो. बाकरवडी मी खात नाही.

सत्यशीलेने दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतली, रंगरावांची लेखी माफी मागितली आणि यादी आपल्याकडून बाहेर गेली असं लिहून दिलं. माझं नाव घातलं नाही. मी सांगितलं, घाल. म्हणाली, "जबाबदारी माझी होती, बाई. तुम्ही कार्यालयाच्या नोकरीत नाही." तिची बढती त्या वर्षी अडली, ती कायमचीच. निवृत्तीपर्यंत टेबल दाराच्या मागेच राहिलं.

माझ्याकडून तिने एकच गोष्ट मागितली. "गेनबाला वाटतंय मी विकलं. त्यांना तुम्ही सांगायचं, वर येऊन."

मी तेव्हा सदुसष्टची, गुडघे केव्हाच गेलेले. दीड तास लागला. सत्यशीला पुढे चालत होती. मी थांबले की थांबायची, पण हात दिला नाही, आणि मीही मागितला नाही. गेनबा नवव्या झऱ्यापाशी बसला होता, मेंढरं निम्मी राहिलेली. मी उभ्यानेच सांगितलं. वही माझ्याकडे होती, मी दिली, हिचा दोष नाही.

गेनबाने माझ्याकडे बघितलं. "तुमी हिच्या मास्तरीन?"

"हो."

"मंग बरं झालं. मला वाटलं, ताईनंच." तो तिच्याकडे वळला. "तुमाला मनात शिव्या दिल्या म्हयनाभर. त्या आता ह्यांच्या नावावर करतो."

सत्यशीला हसली नाही, पण खाली बसली. गेनबाने ॲल्युमिनियमची वाटी काढली, नवव्यातून भरली, प्यायला आणि तिला दिली. तिने सगळं पाणी संपवलं. मग त्याने वाटी विसळून, पुन्हा भरून माझ्यापुढे धरली. विसळलेली माझ्या लक्षात आली. तिच्याही आली.

"योक राहिला म्हना की," ती गेनबासारखं बोलली.

"दोन," गेनबा म्हणाला.

ती बघत राहिली. "अकराच होते, गेनबा. सगळी टेकडी पालथी घातली आपण."

"तुमी घातली. मी योक दावलाच न्हवता." तो पायाखालच्या गवताशी बोलत होता. "तवा वाटायचं, पाप करतोय. इतकी चांगली बाई, आन् तिच्यापास्नं राखून ठिवतोय."

 तीन उन्हाळे सत्यशीला त्या माणसाबरोबर एका वाटीतून प्यायली होती, आणि यादी पुरी आहे असं सही करून लिहून दिलं होतं. चेहरा आधी पडला. मग तिने मान हलवली, दोनदा, हिशेब पटल्यासारखी. शर्टाच्या खिशातून पेन डोकावत होतं. तिने ते आत ढकललं आणि खिशाचं बटण लावलं.

मला राहवलं नाही. जन्मभराची सवय.

"कुठे आहे तो?" मी विचारलं.

दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.