चौकापर्यंतची बस

नरसिंह बर्वे दिल्लीत बसचे मार्ग आखायच्या कचेरीत होते. माणूस सरळ. इतका सरळ, की सोबत राहणाऱ्याला टोचावा. आयुष्यात एकदाही कोणाची शिफारस केली नाही, हे ते न विचारताच सांगायचे.

दिल्लीत नव्या कंपन्या आल्या, भाडी भडकली, आणि मुनीरक्यातलं भाड्याचं घर सोडून बर्वे नवरा-बायको शहराच्या टोकाला, द्वारकेला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले. सोसायटी नवी, रस्ते विमान उतरेल एवढे रुंद. पण दिवे नाहीत, दुकानं नाहीत, दोन्ही बाजूंना नुसत्या बाभळी. बायकोची, शालिनीची शाळा राहिली मागे आर. के. पुरमला. ती गणित शिकवायची. बर्वे मॅम वर्गात आल्या की मागचा बाकसुद्धा गप्प. शाळा सोडायचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. फक्त बस हवी होती.

आर. के. पुरमहून द्वारकेची बस आखायचं काम नेमकं नरसिंहांकडेच आलं. सोसायटी खूश. आणि या गृहस्थानं बस आणली ती अलीकडच्या चौकापर्यंत. तिथून वळून परत.

"अहो, बस चौकातूनच का वळते? आपल्या फाटकापाशी केवढी जागा आहे!"

"म्हणूनच. लोक म्हणतील, बर्व्यानं बस स्वतःच्या दारात आणली."

"म्हणू देत. फाटकाच्या आत काय एकटे बर्वे राहतात?"

"पुढच्या थांब्याला मागणी दिसली की बघू. माणसं उभी तर दिसू देत."

"थांबाच नाही तर उभी कुठे राहणार? बाभळीवर?"

नरसिंह हसले नाहीत. शेजारचे अरोरा मात्र स्कूटरवरून ओरडायचे, "बर्वेजी, बसें आपकी, और भाभीजी पैदल!" हा टोमणा होता. नरसिंहांना तो सत्कार वाटायचा, शाल-श्रीफळासकट.

हिवाळा आला. शाळेतून परतताना चौकात उतरेपर्यंत दिवस बुडालेला, वर धुकं. एका संध्याकाळी मोटारसायकलवरच्या दोघांनी शालिनीच्या गळ्यातलं ओढलं आणि तिला काही अंतर फरफटत नेलं. तिनं रजा घेतली, खरचटलेलं भरत आलं. पण पुढे रोज सकाळी ती पर्स घेऊन फाटकापर्यंत जायची आणि समोरचा रस्ता बघून माघारी वळायची. सकाळी नरसिंह सोबत गेले असते. संध्याकाळी ते कचेरीत असत. संध्याकाळचाच तर प्रश्न होता.

तिनं एकदा मानेवरच्या ओरखड्याला मलम लावता लावता विचारलं, "आता तरी बस पुढे आणाल?"

"आत्ता आणली तर उघडउघड तुझ्यासाठी आणल्यासारखं होईल, शालिनी. जरा दम धर."

तिनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं. पुन्हा विचारलं नाही. रजा संपली तशी तिनं नोकरी सोडली.

आणि मग काय, नरसिंहांनी बस फाटकापर्यंत नेण्याचा प्रस्ताव लगोलग मांडला. आता घरचं कोणी त्या बसनं जाणार नव्हतं; बोट दाखवायला जागाच उरली नव्हती. मंजुरी आल्याचं त्यांनी जेवताना उत्साहानं सांगितलं.

"म्हणजे मी घरी बसले, म्हणून बस आली," ती म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

पहिल्या दिवशी फाटकात नारळ फुटला, बसला झेंडूचा हार चढला. अरोरांनी त्यांना मिठीच मारली. "कमाल के आदमी हो बर्वेजी! भाभीजी की नौकरी चली गई, पर अपने लिए कुछ नहीं किया!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर ऐकायची होती ती स्तुती हीच, आणि ती अशी आली. नरसिंह वर घरी पळाले.

"चल ना, एक फेरी मारून येऊ. शाळेत सगळ्यांना भेटशील."

शालिनी मेथी निवडत होती. "माझ्या जागी आलेली मुलगी आत्ता वर्गावर असेल. तिच्या दाराशी जाऊन उभी राहू?" मग थोडं मऊ होऊन म्हणाली, "जा तुम्ही. लोक खोळंबलेत."

खालून हाका येतच होत्या. ते गेले, लोकांनी बसवलं तिथे बसले. बस हलली. फाटकापासून चौकापर्यंतचा रस्ता, एखादं वाक्य बोलून होईपर्यंत संपला. एवढासाच होता तो.